गटार ओढ्याला, पैसा ठेकेदाराला आणि रान कोरडेच!



जिल्हा बैठकीत पाण्याचा विषय निघाला की आपण धरणावर बोलतो, कालव्यावर बोलतो, मोटारीच्या वीजबिलावर बोलतो. या वेळी आम्ही गटारावर बोलणार आहोत. नाक मुरडू नका. ज्या गावात मार्च उजाडला की जनावरांना पाणी कुठून आणायचे याची चिंता पडते, त्याच गावात रोज हजारो लिटर पाणी मोऱ्यांतून वाहून ओढ्यात कुजते. हे पाणी कुणाचे, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आम्ही उल्हासनगरला गेलो होतो.

कॅम्प नंबर १ च्या बाजूला, शहाडजवळ, उल्हास नदीच्या काठावर आम्ही उभे राहिलो. उन्हाळ्यात या पट्ट्यात नदीवर जलपर्णीची हिरवी चादर पसरते. पाहणाऱ्याला वाटावे, काय हिरवेगार आहे! आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. आम्हाला त्या हिरवळीत युरियाची पोती दिसली. पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर उतरल्याशिवाय जलपर्णी अशी माजत नाही. गावोगावचे आणि शहराचे मलमूत्र, साबण, खरकटे तिथे हिरवे होऊन तरंगत असते. याच नदीतून कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर आणि ठाणे जिल्ह्यातल्या आणखी कितीतरी वस्त्यांचे पिण्याचे पाणी उचलले जाते. शहराचा खेमाणी नालाही याच नदीकडे येतो. एका हाताने घाण सोडायची, दुसऱ्या हाताने तांब्या बुडवायचा!

कापूस-ज्वारीवाल्याचा तिथे काय संबंध?

कुणी म्हणेल, तुम्ही कोरडवाहू माणसे, तुम्हाला मुंबईच्या उंबऱ्यावरच्या गटाराची उठाठेव कशाला? संबंध आहे, आणि दोन बाजूंनी आहे.

पहिला संबंध कापसाचा. आपल्या रानातून पांढरा निघालेला कापूस जिनिंगला जातो, सूत होते, डेनिमचे कापड होते. त्या कापडाच्या जीन्स शिवण्याचा आणि धुण्याचा उल्हासनगर हा मोठा बाजार. कॅम्प ५ च्या बाजूला जीन्स धुण्याच्या शेकडो छोट्या कारखान्यांचे निळे-काळे पाणी वर्षानुवर्षे वालधुनी नदीत गेले. न्यायालयाच्या आदेशांनंतर २०१८ च्या सुमारास या कारखान्यांना टाळे लागले. पण टाळे लागल्याने घाण संपत नाही, ती गाव बदलते. काही कारखाने आजूबाजूच्या खेड्यांत सरकले. शहराने दार लावले की घाण खेड्याच्या ओसरीवर येते, हा नेहमीचाच अनुभव.

दुसरा संबंध ज्वारीचा, आणि तो अधिक खोल आहे. उल्हास नदीला उन्हाळ्यातही पाणी असते, कारण भिवपुरीच्या वीजघरातून सुटणारे पाणी तिला मिळते. ते पाणी कुठले? मावळातल्या आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे. आंध्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला. म्हणजे भीमेच्या खोऱ्यात पडलेला, ज्वारीच्या मुलखाकडे उताराने जायला निघालेला पाऊस १९२२ पासून घाटाखाली वळवला गेला आहे. त्यावर वीज झाली, कारखाने चालले, शहरे वाढली. आणि शेवटी त्या पाण्यात गटार मिसळून ते खाडीला दिले. सोलापूरचा शेतकरी आभाळाकडे बघत बसला. म्हणून म्हणतो, उल्हासनगरचे गटार ही आपल्याही घरची गोष्ट आहे.

आधी वस्ती, मग गटार, शुद्धीकरण सवडीने

उल्हासनगरच्या माणसांना आम्ही दोष देत नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली. फाळणीनंतर सिंधमधून घरदार टाकून आलेल्या लाखभर लोकांना त्या बराकींत ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. निर्वासितांनी हात-पाय हलवून बाजारपेठ उभी केली, हे त्यांचे कर्तृत्व. पण सैनिकांच्या तात्पुरत्या तळासाठी केलेल्या सोयीवर एक अख्खे शहर वसवायचे आणि त्याच्या सांडपाण्याचे पुढे बघू म्हणायचे, हे सरकारचे कर्तृत्व!

शेजारच्या वालधुनीची कथा तर डोळ्यांत पाणी आणणारी. अंबरनाथजवळच्या डोंगरात ही नदी उगम पावते. शिलाहारांच्या काळात, १०६० साली पुरे झालेले शिवमंदिर तिच्याच काठी आहे. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला जिच्या काठी देव बसवावासा वाटला, तिच्या काठी आज माणसाला उभे राहवत नाही. अंबरनाथच्या कारखान्यांचे पाणी, उल्हासनगरचे सांडपाणी, सगळे तिच्या पोटात. २०१४ च्या नोव्हेंबर अखेरीस तिच्या पात्रात रसायन ओतले गेले, विषारी वायू पसरला आणि शेकडो माणसांना रातोरात दवाखान्यात न्यावे लागले.

कायदा नव्हता म्हणावे, तर तसेही नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० साली स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ सालचा. कागदावर नदी पन्नास वर्षे स्वच्छ होत आली आहे! शेवटी ‘वनशक्ती’ या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१५ च्या जुलैत लवादाच्या पुणे पीठाने उल्हास-वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल नगरपालिका, महापालिका आणि कारखान्यांची सामाईक शुद्धीकरण केंद्रे यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा बोजा टाकला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. नदीची घाण काढायला वकील लागतात, तिच्यात घाण घालायला कुणीही चालते.

यंत्र बसते, चालत नाही

आता मुद्द्याला येऊ. शहरे म्हणतात, आम्हाला पैसा द्या, आम्ही शुद्धीकरण केंद्र बांधतो. बांधतातही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२०-२१ चा हिशेब पाहा. देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. शुद्धीकरणाची बसवलेली ताकद ३१,८४१ दशलक्ष लिटरांची. प्रत्यक्षात शुद्धीकरण होत होते २०,२३६ दशलक्ष लिटरांचे. म्हणजे चार बादल्यांतली जेमतेम एक बादली. उरलेल्या तीन आपल्या नद्या-नाल्यांत. यंत्रे कमी आहेत हे खरेच, पण बसवलेल्या यंत्रांचीही एक तृतीयांश ताकद पडून होती!

असे का? शुद्धीकरण म्हणजे जादू नव्हे. शेणखताच्या खड्ड्यात जे होते तेच पाण्यात करायचे. जिवाणू घाण खातात, त्यांना हवा लागते. पाण्यातली घाण कुजायला किती प्राणवायू लागेल यावरून पाणी किती घाण ते मोजतात. शहरी केंद्रात मोठे पंखे लावून, रात्रंदिवस वीज जाळून ही हवा पाण्यात कोंबतात. वीज गेली, बिल थकले, ठेकेदार पळाला, की जिवाणू मरतात आणि घाण पाणी आले तसे निघून जाते. बांधकामाचे बिल निघालेले असते. पाणी स्वच्छ झाले की नाही, हे विचारणारा खालच्या अंगाला कुणी नसतो.

इथेच आमचे खरे म्हणणे आहे. ज्या पाण्याला गिऱ्हाईक नाही, ते पाणी कुणी स्वच्छ करत नाही. नागपूरला पाहा. भांडेवाडीच्या केंद्रातून १३० दशलक्ष लिटरांच्या योजनेचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजनिर्मिती केंद्राला जाते. वीजकेंद्राला पाणी हवे असते, वेळेवर हवे असते, ठरल्या प्रतीचे हवे असते. नाही मिळाले तर ते फोन उचलते. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी सांडपाणी बेबी कालव्यात सोडून खालच्या शेतीला द्यायचे ठरले. तिथे शेतकऱ्याला पाणी मिळाले, पण ते कसे मिळावे हे ठरवण्याचा हक्क मिळाला नाही. काळे, फेसाळ पाणी आले तरी त्याने फोन कुणाला लावायचा? आणि उल्हास-वालधुनीच्या शेवटाला आहे खाडी. खाडी बोलत नाही.

म्हणून सांडपाण्यावर शेतकऱ्याचा लेखी हक्क पाहिजे. त्याच्यासारखा तपासनीस दुसरा नाही. पगार नको, जीप नको. पीक पिवळे पडले की तो कचेरीच्या दारात उभा राहतो.

आता पाळी आपल्या गावांची

तुम्ही म्हणाल, हे झाले शहराचे. भाऊ, उल्हासनगरात जे पन्नास वर्षे झाले ते आपल्या गावात आता सुरू झाले आहे. २०१९ साली जलजीवन योजना आली. माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात, हे तिचे माप. चांगली गोष्ट आहे. बायाबापड्यांच्या डोक्यावरचा हंडा उतरला तर आम्ही आनंदाने टाळ्या वाजवू. पण नळ आला की मोरी वाहते. मोरी वाहिली की गल्लीत चिखल होतो. मग सरपंच सिमेंटची गटार करतो. अंदाजपत्रक, टेंडर, टक्केवारी, फलक, नारळ! आणि गटार नेऊन सोडतात कुठे? ओढ्यात. ज्या ओढ्याच्या काठी गावाची पाणीपुरवठ्याची विहीर आहे, त्याच ओढ्यात. आमच्या भागातल्या एका गावात आम्ही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. गटाराचे तोंड आणि विहीर यांत शंभर पावलेही नव्हती. ग्रामसेवकाला विचारले, तर म्हणाले, अंदाजपत्रकात गटार होती, गटाराच्या पुढचे नव्हते!

हेच छोटे उल्हासनगर. आधी वस्ती, मग गटार, आणि पुढचे अंदाजपत्रकात नाही.

या पाण्याचा हिशेब मांडू

दोन हजार वस्तीचे गाव घ्या. माणशी ५५ लिटरप्रमाणे रोज १ लाख १० हजार लिटर पाणी आले. त्यातले ऐंशी टक्के न्हाणीतून, मोरीतून बाहेर पडते असे धरा. म्हणजे रोज ८८ हजार लिटर. एक एकराला दोन इंचाचे, म्हणजे पाच सेंटिमीटरचे संरक्षित पाणी द्यायला साधारण दोन लाख लिटर लागतात. ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत गावातून एक कोटी लिटरच्या वर पाणी निघते. मुरणे, उडून जाणे यात एक तृतीयांश गेले तरी ३५ एकरांना एकेक पाणी बसते.

पस्तीस एकराने गाव बागायत होत नाही, हे आम्हालाही कळते. पण कोरडवाहूत एका पाण्याची किंमत काय, हे तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबरात पाऊस ओढ देतो, बोंडे भरायची असतात, तेव्हाचे एक पाणी. नोव्हेंबरात तूर फुलात असते तेव्हाचे एक पाणी. रब्बीची ज्वारी ५०-५५ दिवसांची होऊन पोटरीत येते, काळ्या रानाला भेगा पडू लागतात, तेव्हाचे एक पाणी. त्या एका पाण्यावर कणीस भरते की पोचट राहते, आणि कडबा विकत घ्यायचा की विकायचा, हे ठरते. बी, खत, फवारणी, मजुरी असा सगळा खर्च करून झाल्यावर एका पाण्यासाठी पीक हातचे जाते आणि त्याच वेळी गावाच्या गटारात ते पाणी डास पोसत असते!

यंत्र नको, तळी पाहिजेत

यासाठी कोटीचे यंत्र नको. आपल्याकडे ऊन फुकट आहे. उताराला एकामागोमाग एक तीन तळी करा. पहिले खोल, त्यात गाळ बसतो आणि कुजतो. दुसरे उथळ, त्यात शेवाळ उन्हावर प्राणवायू तयार करते आणि जिवाणू घाण खातात. तिसरे आणखी उथळ, त्यात ऊन रोगजंतू मारते. पाणी पंधरा दिवस तरी या तळ्यांत रेंगाळले पाहिजे. इतक्या दिवसांत जंतांची अंडीही तळाशी बसतात. ८८ हजार लिटरांच्या हिशेबाने दीड मीटर सरासरी खोलीची नऊ गुंठे तळी लागतात. बांध धरून पंधरा गुंठे जागा पुरे. तळाला चिकणमातीचे अस्तर, कडेला कुंपण. वीज नाही, पंखा नाही. वर्षाकाठी गाळ काढायचा, काठचे गवत आणि जलपर्णी काढायची, इतकेच काम.

जिथे घरे विखुरलेली आहेत तिथे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून गटारे आणि डास दोन्ही घालवले, हे राज्यभर गाजले. पण पाणी न मुरणाऱ्या भारी काळ्या जमिनीत शोषखड्डा तुंबतो, हे लक्षात ठेवा. एकच नमुना सगळ्या गावांवर लादणे ही कचेरीची खोड, आपली नव्हे.

पैसा नाही म्हणतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून दिला होता. स्वच्छ भारत मिशनच्या २०२० साली सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये धरले होते. दोन हजारांच्या गावाला ५ लाख ६० हजार. तुमच्या गावात त्याचे काय झाले? हा प्रश्न ग्रामसभेत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

आमच्या म्हणण्यावरचे आक्षेप

एक : गटाराचे पाणी पिकाला देणे आरोग्याला घातक नाही का? घातक आहे, कच्चे पाणी कच्च्या खाण्याच्या भाजीला दिले तर. कोथिंबीर, मेथी, काकडी, टोमॅटोला हे पाणी देऊ नका, म्हणजे नकाच. पण कापूस कुणी खात नाही आणि ज्वारीची भाकरी भाजूनच खातात. जगभरात अशा पाण्यासाठी हीच पिके सांगतात : कापसासारखी व्यापारी पिके, तृणधान्ये, चारा, झाडे. चाऱ्याला पाणी दिले तर कापणीआधी दोन आठवडे बंद करा. पाणी धरणाऱ्याने पायात बूट घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

दोन : साबणाने जमीन चोपण होणार नाही का? हा आक्षेप खरा आहे आणि तो शेतकऱ्यानेच घ्यायचा आहे. साबणात सोडियम असते. काळ्या जमिनीला सोडियमचा मारा झाला की ती घट्ट होते, निचरा जातो. म्हणून हे पाणी बारमाही नको. हंगामात एक-दोन संरक्षित पाळ्या द्या, पुढचा पावसाळा क्षार धुऊन नेतो. वर्षातून एकदा पाणी आणि माती प्रयोगशाळेत तपासा. गरज पडली तर जिप्सम टाका.

तीन : कारखान्याचे पाणी आले तर? तर ते घ्यायचेच नाही. उल्हासनगर-अंबरनाथचा सर्वांत मोठा धडा हाच. घरचे सांडपाणी हे घाण झालेले पाणी असते, त्यातली घाण कुजते. रसायनाचे पाणी कुजत नाही. दोन्ही एकत्र केली की घरच्या पाण्याचाही सत्यानाश होतो. गावाच्या हद्दीत रंगाचा, धुलाईचा, रसायनाचा कारखाना येत असेल तर त्याच्या पाण्याची वाट आधी दाखवा, मग नाहरकत मागा.

चार, हा आमचा आम्हालाच : फवारणीचा पंप ओढ्यात कोण धुतो? विषाचे रिकामे डबे विहिरीच्या काठी कोण टाकतो? शहराकडे बोट दाखवताना आपलेही हात धुतलेले हवेत, आणि तेही ओढ्यात धुतलेले नकोत.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. आधी काम, मग बोल. म्हणून नुसते भाषण न करता आम्ही पुढील ठराव जिल्हा बैठकीपुढे मांडत आहोत. प्रत्येक गावाने आपल्या ग्रामसभेत ते मंजूर करून घ्यावेत.

१. ज्या गटाराच्या शेवटी पाणी शुद्ध करण्याची सोय नाही, त्या गटाराचे अंदाजपत्रक ग्रामसभा मंजूर करणार नाही.

२. गावाच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर पहिला हक्क गावच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा. पाळी चिठ्ठी टाकून ठरावी, सरपंचाच्या भाऊबंदांच्या सोयीने नव्हे.

३. कारखान्याचे पाणी घरगुती सांडपाण्यात मिसळू दिले जाणार नाही.

४. जी शहरे आपल्या खोऱ्याचे पाणी नेतात, त्यांनी ते वापरून, शुद्ध करून परत द्यावे. जिथे ते घाटाखाली गेले आणि परत येणे शक्य नाही, तिथे त्याच्या मोबदल्याचा जाहीर हिशेब द्यावा.

५. शहराचे सांडपाणी शेतीला देताना पाण्याची प्रत करारात लिहावी, दरमहा तपासणीचा निकाल कालव्यावर फलक लावून जाहीर करावा, आणि प्रत बिघडली तर शेतकऱ्याला नुकसानभरपाई द्यावी.

भाऊबहिणींनो, दहा दशलक्ष लिटर शहरी सांडपाण्यात सुमारे चारशे किलो नत्र असते. ती रोजची एकोणीस-वीस पोती युरिया होते. तो युरिया उल्हास नदीवर जलपर्णी होऊन तरंगतो आणि आपण खताच्या दुकानापुढे रांगेत उभे राहतो. पाणी आपल्या डोंगरावरचे, कापूस आपल्या रानातला, जे शहर खाते ते धान्यही आपलेच. परत येते ते फक्त गटार, तेही खाडीला. ही वाट आपल्या गावापुरती तरी आपण बदलू शकतो. पुढच्या बैठकीला येताना गावच्या गटाराचे तोंड कुठे उघडते ते पाहून या. हात वर करून सांगायचे आहे.